मोपानेच्या रानातले पाणी : झांबियात लव्हबर्डच्या मागावर नऊ दिवस

पहिला दिवस : लिव्हिंग्स्टन

लव्हबर्ड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पिंजरा येतो, आणि पुष्कळदा त्या पिंजऱ्यातला पक्षी लव्हबर्ड नसतोच. ऑस्ट्रेलियातल्या बजरीगरलाच लोक त्या नावाने ओळखतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आहेत. आखूड शेपटीचे, जेमतेम वीतभर लांबीचे हे पोपट ज्या प्रजातीसमूहात मोडतात, त्याला 1836 साली सेल्बी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ‘अॅगापॉर्निस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘अगापे’ म्हणजे प्रेम आणि ‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी. या समूहात एकूण नऊ प्रजाती आहेत. त्यांपैकी आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर राहतात आणि राखाडी डोक्याची नववी मादागास्करमध्ये. मला त्यांतल्या दोन प्रजाती, काळ्या गालाचा आणि लिलियनचा लव्हबर्ड, त्यांच्या स्वतःच्या रानात पाहायच्या होत्या, आणि त्या दोन्ही झांबियात आढळत असल्यामुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी लिव्हिंग्स्टनला उतरलो.

या दिवसांत व्हिक्टोरिया धबधब्याचा झांबियाकडचा बराचसा कडा कोरडा पडलेला असतो. धबधबा पाहायला येणाऱ्यांना हा काळ निराशेचा वाटतो. मी मात्र मुद्दाम हाच काळ निवडला होता. पावसाळा साधारण नोव्हेंबरात सुरू होतो, त्यामुळे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे तहानेचे महिने. रानातली डबकी एकामागून एक आटतात आणि एरवी मैलोगणती विखुरलेले पक्षी उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर गोळा होतात. लव्हबर्ड पाहायचे असतील तर पाणी शोधावे, एवढे एकच मार्गदर्शन आमच्या वाटाड्यांनी पहिल्या संध्याकाळी केले. पुढचे आठ दिवस मी त्याच एका वाक्याचा अर्थ शिकत होतो, असे आता वाटते.

दुसरा दिवस : कालोमोमार्गे कफुए

लिव्हिंग्स्टनहून ईशान्येला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कालोमो लागते. तिथे डांबरी रस्ता सोडून आम्ही डुमडुमवेंझे नाक्याच्या दिशेने वळलो. हे नाके कफुए राष्ट्रीय उद्यानाचे दक्षिणेकडचे दार आहे. उद्यानाचा विस्तार 22,000 चौरस किलोमीटरहून अधिक आहे, पण आम्हाला त्याचा केवळ दक्षिणेकडचा कोपरा, म्हणजे नांझिलाचे मैदान हवे होते.

काळ्या गालाचा लव्हबर्ड जगात फक्त इथल्या टापूत, नैऋत्य झांबियात, कफुए आणि झांबेझी या नद्यांमधल्या मोपाने नावाच्या झाडांच्या रानात आढळतो. शास्त्राला त्याची ओळख झाली 1906 साली. त्यानंतर पाव शतकही उलटले नव्हते, तेव्हा 1929 साली अवघ्या चार आठवड्यांत पिंजऱ्यांच्या व्यापारासाठी या प्रजातीचे 16,000 पक्षी पकडले गेले. आज रानात उरलेल्या पक्ष्यांचा अंदाज सुमारे दहा हजारांचा आहे. म्हणजे त्या एका महिन्यात जेवढे जाळ्यात गेले, तेवढे आज साऱ्या जगाच्या रानात मिळूनही नाहीत. मी हे आकडे आधी वाचले होते, पण गाडीच्या दोन्ही बाजूंनी तासन्‌तास ते निष्पर्ण, धुळकट रान सरकत असताना त्यांचा भार वेगळाच जाणवला. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात चार आठवड्यांत इतके पक्षी पकडणे कसे शक्य झाले असेल, असे मी विचारले. वाटाडे म्हणाले, ‘पाण्यावर. माणसाने फक्त पाण्यावर बसायचे. पक्ष्यांना यावेच लागते.’

त्या दिवशी लव्हबर्ड दिसले नाहीत. चावऱ्या त्सेत्से माश्यांनी मात्र गाडीच्या काचा उघडू दिल्या नाहीत.

तिसरा दिवस : नांझिलाचे डबके

पहाटे अंधारातच निघालो. मोपानेच्या कडेला, हत्तींनी चिखल तुडवून ठेवलेले, दहा-बारा पावले लांबीचे एक डबके होते. दुर्बीण नीट लागावी म्हणून मी आग्रह धरला आणि गाडी पाण्याच्या अगदी जवळ, पंधरा पावलांवर उभी केली.

सूर्य वर आला आणि त्यांच्या आवाजाने रान भरून गेले. लव्हबर्डचा आवाज गोड नाही. तो बारीक, कर्कश आणि सतत चाललेला किलकिलाट आहे, आणि थवा दिसण्याच्या कितीतरी आधी तो कानावर येतो. मग सरळ रेषेत, अतिशय वेगाने वीस-पंचवीस हिरवे ठिपके आले आणि डबक्यापलीकडच्या वाळलेल्या झाडावर उतरले. त्यामागून दुसरी तुकडी आली, मग तिसरी. दुर्बिणीत पहिला पक्षी स्थिर झाला, तेव्हा मी श्वास रोखून पाहत राहिलो. कपाळ तपकिरी, गाल आणि गळा जवळजवळ काळे, गळ्याखाली फिकट नारिंगी डाग, लालभडक चोच, आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचे स्वच्छ पांढरे कडे. नऊपैकी चार प्रजातींना असे कडे असते: टांझानियातले फिशरचा लव्हबर्ड आणि पिवळ्या गळपट्ट्याचा लव्हबर्ड, आणि झांबियातले लिलियनचा लव्हबर्ड आणि हा काळ्या गालाचा. या चौघांत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. लव्हबर्ड म्हणताच जोडीने खेटून बसलेले पक्षी आठवतात, ते खोटे नाही. त्या फांदीवर जोड्या एकमेकांना चिकटून बसल्या होत्या आणि एकमेकांच्या मानेवरची पिसे चोचीने साफ करत होत्या; पण त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती, हे मला शेवटपर्यंत सांगता आले नसते.

अर्धा तास गेला. झाडावर आता शंभराहून अधिक पक्षी असावेत. ते फांदीफांदीने खाली उतरत, पाण्यापासून दोन हातांवर येत आणि एकदम सगळे उडून पुन्हा शेंड्यावर जात. असे पाच-सहा वेळा झाले. मी हे त्यांचे सावधपण म्हणून कौतुकाने टिपून घेत होतो. वाटाडे बराच वेळ गप्प होते. शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘आपल्यामुळे ते पाणी पीत नाहीत.’

लव्हबर्डचे मुख्य अन्न म्हणजे जमिनीवर पडलेले गवताचे बी. बी कोरडे असते, त्यातून अंगाला पाणी मिळत नाही, म्हणून या पक्ष्यांना रोज पाणी लागते, आणि या उन्हाळ्यात ते सकाळी व दुपार उतरताना असे दोनदा पाण्यावर येतात. पाणी पितानाचे ते थोडे क्षण त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात, कारण ससाणेही त्याच पाण्यावर लक्ष ठेवून असतात. जवळ माणूस, गुरे किंवा आमच्यासारखी गाडी असली की ते थांबून राहतात, आणि थांबता थांबता ऊन चढले की तहानलेलेच निघून जातात. पाणवठे पुष्कळ असतील तर ते दुसरीकडे जातील. पण दुसरा पाणवठाच जवळ नसेल तर तसे करता येत नाही.

आम्ही गाडी शंभर पावले मागे घेतली आणि इंजिन बंद केले. दहा मिनिटांच्या आत थवा खाली उतरला. एक तुकडी काठावर बसे, झपाझप चोच बुडवी, उडे, आणि तिची जागा दुसरी घेई. सगळे मिळून पाव तासही लागला नाही. एवढ्या अंतरावरून मला काळे गाल दिसत नव्हते, केवळ पाण्याच्या कडेला एक हिरवी किनार सरकताना दिसत होती. आदल्या अर्ध्या तासात मी जे काही पाहिले होते, ते त्यांची तहान अडवून पाहिले होते, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

चौथा दिवस : ढोल्या

दिवसभर मोपानेच्या रानात हिंडलो. मोपानेचे पान दोन पाकळ्यांचे, बसलेल्या फुलपाखराच्या पंखांसारखे असते. ऊन वाढले की या दोन पाकळ्या मिटत जातात आणि उन्हाला कडा दाखवून उभ्या राहतात. पाण्याची बचत होते, पण झाडाखाली सावली अशी राहत नाही. या झाडाचे लाकूड कठीण आणि जड, तरी जुन्या खोडांचा गाभा आतून कुजत जातो आणि त्यांत ढोल्या तयार होतात. लव्हबर्डला या ढोल्या केवळ विणीसाठी लागत नाहीत. विणीचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जानेवारीच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत असतो. पण एरवीही रोज रात्री ते लहान लहान गटांनी ढोलीत शिरूनच झोपतात. म्हणून जे रान त्यांना हवे, ते केवळ मोपानेचे असून भागत नाही, म्हाताऱ्या मोपानेचे असावे लागते. मोपानेचा कोळसा उत्तम होतो आणि त्यासाठी मोठी झाडेच आधी पडतात. तोडलेल्या बुंध्यातून धुमारे फुटून रान पुन्हा हिरवे दिसू लागते, पण त्या धुमाऱ्यांत ढोली व्हायला कित्येक पिढ्यांचा काळ लागेल.

एका पडलेल्या खोडाच्या फुटलेल्या ढोलीत वाटाड्यांनी मला सालीच्या बारीक पट्ट्यांचा जुना विस्कटलेला पुंजका दाखवला. पोपटांच्या कुळात बहुतेक जाती ढोलीत काहीही न अंथरता अंडी घालतात; लव्हबर्ड मात्र घरटे बांधतात, आणि ते साहित्य कसे आणतात यातही प्रजातींप्रमाणे भेद आहे. नामिबियाकडचा गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड सालीच्या पट्ट्या स्वतःच्या पाठीमागच्या पिसांत खोचून उडतो. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले चौघे त्या चोचीत धरून नेतात. विल्यम डिल्गर या अमेरिकी शास्त्रज्ञाने गुलाबी चेहऱ्याच्या आणि फिशरच्या लव्हबर्डांचा संकर करून पाहिला आणि 1962 साली त्याविषयी लिहिले. संकरित पिल्ले मोठी झाली तेव्हा त्यांना धड काहीच जमेना. ती पट्टी पिसांत खोचायला जात, खोचल्यावर सोडत नसत, किंवा सोडली तर ती गळून पडे. चोचीतून नेणेच जमते, हे अंगवळणी पडायला त्यांना वर्षे लागली, आणि तरीही पट्टी उचलण्यापूर्वी मान मागे वळवण्याची खोड पुरती गेली नाही. वर्तन रक्तातून किती उतरते आणि शिकून किती येते, या प्रश्नावरचा हा नामांकित प्रयोग आहे. त्या खोडापाशी उभा असताना मला मात्र त्यातली दुसरी बाजू अधिक जाणवली. पिंजऱ्यांत या चारही पांढऱ्या कड्यांच्या प्रजातींचे एकमेकांशी सर्रास संकर होतात, निळे, पिवळे, पांढरे असे हवे ते रंग निवडून वाढवले जातात. असे लक्षावधी पक्षी जगभर आहेत, म्हणून रानातले दहा हजार गेले तरी प्रजाती सुरक्षित आहे, असे कोणी म्हणू लागला तर ते मला पटणार नाही. ढोलीतला हा पुंजका बांधणारा पक्षी आणि दुकानातला निळा पक्षी यांच्यात नावापलीकडे फार थोडे सामाईक उरलेले असू शकते.

पाचवा दिवस : उद्यानाबाहेरचे गाव

काळ्या गालाच्या लव्हबर्डचा सगळाच प्रदेश उद्यानात येत नाही. त्याचा मोठा भाग शेतीवाडीच्या आणि गुरांच्या प्रदेशात आहे. म्हणून परतीच्या वाटेवर आम्ही टोंगा जमातीच्या शेतकऱ्यांच्या एका वस्तीत थांबलो. ज्वारी, बाजरी आणि मका ही इथली पिके. कणसे भरू लागतात तेव्हा लव्हबर्डांचे थवे ज्वारी-बाजरीवर उतरतात. पक्ष्यांच्या दृष्टीने हे साहजिकच आहे, कारण विणीचा हंगाम तोच आणि भुकेली पिल्लेही तेव्हाच. मक्याचे मोठे दाणे त्यांच्या फारसे उपयोगाचे नाहीत. ज्या भागांत लोक ज्वारी-बाजरी सोडून मक्याकडे वळले, तिथे या पक्ष्यांच्या अन्नाचा एक आधार गेला, असे अभ्यासक मानतात.

ज्या म्हाताऱ्या शेतकरी बाईंच्या अंगणात आम्ही बसलो होतो, त्यांना या पक्ष्यांविषयी विचारले तेव्हा त्यांनी आधी नुकसानच सांगितले. त्या दिवसांत घरातली मुले पहाटेपासून शेतात राखणीला असतात, आरोळ्या ठोकतात, गोफणी फिरवतात. मला त्यांच्या तक्रारीत काही चूक दिसली नाही. 2024 च्या फेब्रुवारीत झांबियाने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली होती. ज्या घराने ते वर्ष काढले आहे, त्याला कणसावरचा प्रत्येक दाणा मोजावाच लागतो.

मग पाण्याचा विषय निघाला. पूर्वी या वस्तीचे पाणी कोरड्या ओढ्याच्या वाळूत खणलेल्या उघड्या झऱ्यांतून येत असे, आणि माणसे भरून गेली की काठाच्या ओलीवर पक्षी उतरत. आता गावात हातपंप आहे. पाणी स्वच्छ झाले, पोरांची आजारपणे कमी झाली, आणि झरे उपसायचे कोणी उरले नाही म्हणून ते बुजले. हातपंपाच्या ओट्याकडून सांडपाणी एका उथळ खळग्यात जात होते, त्यावर दोन कोंबड्या आणि एक बकरी होती. दुपार उतरल्यावर, अंगण थोडे शांत होताच, समोरच्या झाडावरून सात लव्हबर्ड त्या खळग्यावर उतरले, प्याले आणि गेले. बाईंनी माझ्याकडे पाहून ‘बघा’ अशा अर्थाने हात केला. बकरी बांधायच्या जागेपासून तो खळगा थोडा लांब नेला तर आणखी येतील, असे वाटाड्यांनी त्यांना टोंगा भाषेत सांगितले. त्यावर दोघांत बराच वेळ बोलणे झाले. ते मला कळले नाही.

ओढे आटणे हेच या प्रजातीवरचे सर्वांत मोठे संकट मानले जाते. एकेका तळ्यावर पक्ष्यांची दाटी होऊ लागली की रोग पसरण्याची भीतीही वाढते. पोपटांची चोच आणि पिसे झडवणारा विषाणू या रानातल्या लव्हबर्डांत आढळला आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही प्रजाती ‘असुरक्षित’ या वर्गात आहे.

सहावा दिवस : लुसाका

दिवसभर गाडीचा प्रवास. रात्री मुक्कामावर व्यापाराविषयीच्या टिपणांची जुळणी करत बसलो. 1987 साली जगाच्या कायदेशीर व्यापारात रानातून पकडलेल्या पोपटांमध्ये फिशरचा लव्हबर्ड सर्वाधिक विकला गेलेला होता. 1992 मध्ये अमेरिकेने आणि 2007 पासून युरोपीय संघाने रानपक्ष्यांच्या आयातीवर कायमचे कडक निर्बंध घातले, तेव्हा ही मागणी ओसरली. गुलाबी चेहऱ्याच्या प्रजातीला 2005 साली वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्टातून वगळण्यात आले, कारण बाजारातले पक्षी जवळजवळ सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. बाकीच्या आठ प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात कायम आहेत.

सातवा दिवस : म्फुवे

लिलियनच्या लव्हबर्डसाठी लुसाकाहून तासाभराच्या विमानाने लुआंग्वाच्या खोऱ्यातल्या म्फुवेला पोचलो. विमानातून लुआंग्वा नदी दिसते तेव्हा तिच्यावर कोठेही मोठे धरण नाही हे सहज लक्षात येते: ती मनाला येईल तशी वळत जाते, जुनी वळणे सोडून देते, आणि त्या सोडलेल्या वळणांची अर्धवर्तुळाकार तळी दोन्ही काठांना पसरलेली असतात. कोरड्या दिवसांत लुआंग्वाच्या खोऱ्यात पाणी टिकते ते मुख्यतः या तळ्यांत. संध्याकाळी नदीच्या उभ्या दरडींवर लाल रंगाचे वेडे राघू शेकड्यांनी बिळे खणत होते, आणि आमच्या गाडीतले सगळे तिकडे पाहत असताना डोक्यावरून तो ओळखीचा किलकिलाट गेला.

आठवा दिवस : लिलियनचे लव्हबर्ड

या पक्ष्याला लिलियन स्क्लेटर यांचे नाव कॅप्टन शेली या पक्षीअभ्यासकांनी 1894 साली दिले. काळ्या गालाच्या पक्ष्याशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. आकार तोच, डोळ्याभोवतीचे कडे तेच, रानही मोपानेचेच. चेहरा आणि गळा मात्र पिकल्या पपईसारखा तांबूस केशरी. दोन्ही प्रजातींचे प्रदेश एकमेकांना कोठेच भिडत नाहीत, त्यामुळे रानात त्यांची गाठ पडत नाही.

सकाळी एका मोकळ्या गवताळ पट्ट्यावर साठ-सत्तर पक्षी बी टिपताना सापडले. थवा जमिनीवर लोळत गेल्यासारखा पुढे सरकतो: मागचे उडून पुढच्यांच्या पुढे उतरतात, मग त्यांचे मागचे पुढे येतात. वाळलेल्या गवतात इतका हिरवा पक्षी उठून दिसेल असे वाटते, पण थवा स्थिर झाला की डोळा चुकतोच. झाडावर चढताना ते चोचीचा तिसऱ्या पायासारखा आधार घेतात. दोन बोटे पुढे आणि दोन मागे असलेल्या त्यांच्या पायाची पकड मी आज पहिल्यांदा निवांत पाहिली.

लुआंग्वात हे पक्षी पुष्कळ आहेत, तरी लाल यादीत ही प्रजाती ‘संकटसमीप’ म्हणून नोंदलेली आहे, आणि त्यामागे पाण्याचाच, पण निराळा इतिहास आहे. झांबेझीच्या मधल्या खोऱ्यातले मोपानेचे रान हाही त्यांचा प्रदेश होता. 1958 च्या डिसेंबरात करीबा धरणाने नदी अडवली आणि पाणी चढू लागले. बुडणाऱ्या टेकड्यांवरून ‘ऑपरेशन नोहा’ या मोहिमेत सहा हजारांहून अधिक प्राणी वाचवण्यात आले. ती माणसांच्या जिद्दीची मोठी हकिकत आहे, पण ढोल्यांची झाडे होडीत घालून नेता येत नाहीत. पक्षी उडून गेले असतील. कोठे गेले आणि तिथल्या ढोल्या आधीच भरलेल्या होत्या का, याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे 1970 च्या दशकात मोझांबिकमधल्या काहोरा बासा जलाशयाने आणखी रान घेतले.

मलावीतल्या लिवोंडे राष्ट्रीय उद्यानातली गोष्ट याहून दुखावणारी आहे. तिथे शिकारी लोक वन्यप्राणी मारण्यासाठी डबक्यांत विष कालवत, आणि थव्याने पाण्यावर येणारे लव्हबर्ड थव्यानेच मरून पडत. एकत्र येणे ही या पक्ष्याची सगळी सुरक्षितता. तीच तिथे त्याच्यावर उलटली. 2015 पासून त्या उद्यानाची व्यवस्था आफ्रिकन पार्क्स या संस्थेकडे आहे, आणि गस्त वाढल्याने परिस्थिती सुधारू शकते हे तिथे दिसले आहे. विषाचा बंदोबस्त माणसे नेमून करता येतो. आटणाऱ्या ओढ्यांचा तसा करता येत नाही, म्हणून मला काळ्या गालाच्या पक्ष्याची काळजी अधिक वाटते.

नववा दिवस : तळ्यावरची शेवटची सकाळ

दुपारी परतीचे विमान होते. पहाटे एका जुन्या वळणाच्या तळ्यावर गेलो. गाडी दूर मोपानेच्या आडोशाला ठेवली आणि मी गाडीतच बसून राहिलो. पहिली तुकडी सहा वाजून वीस मिनिटांनी आली. एक ससाणा तळ्यावरून गेला तेव्हा सगळे झाडावर परतले आणि अकरा मिनिटे कोणीही खाली आले नाही. मग दोघे उतरले, आणि त्यांच्या मागोमाग सगळे. वाटाड्यांनी मोजलेले पक्षी एकशे चाळीस, मी मोजलेले एकशे तेवीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले. सात वाजायच्या सुमारास पाण्यावर एकही पक्षी नव्हता, काठाच्या चिखलात बोटांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या, आणि पलीकडून हत्तींचा एक कळप पाण्याकडे येत होता.